रात्र कोणत्या डोंगरावर काढायची?

१३ जून १९३२. रात्रीचा एक वाजलेला. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावातून, मूट हॉलच्या दारापासून बॉब ग्रॅहम निघाला. व्यवसाय गेस्टहाउस चालवण्याचा, पायात टेनिसचे बूट. ४२ शिखरे पालथी घालून तो त्याच दाराशी परतला तेव्हा २३ तास ३९ मिनिटे झाली होती आणि पुन्हा मध्यरात्र उलटली होती. सुमारे १०६ किलोमीटर अंतर आणि ८,२०० मीटरच्या आसपास चढाई असलेली ही फेरी आज ‘बॉब ग्रॅहम राउंड’ म्हणून ओळखली जाते. अट एकच: चोवीस तासांत परत यायचे.

चोवीस तास म्हटले की रात्र चुकत नाही. ती कोणत्या डोंगरावर काढायची, एवढेच धावपटूच्या हातात उरते.

निवड अर्थातच जूनची होते. केझिक साडेचोपन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वासतरा तासांचा, पुण्यातला सव्वातेरा. शिवाय आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो आणि पंचवीसेक मिनिटांत अंधारून येते. तिथे तो तिरका, क्षितिजाला घासत जातो, त्यामुळे कामापुरता उजेड तासभर रेंगाळतो. मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम बारा अंश असतो. पूर्ण काळोखाला अठरा अंश लागतात, म्हणजे तो होतच नाही. दिव्याची गरज पडते ती साधारण पावणेअकरा ते पावणेचार, पाचएक तास.

हे पाच तास खडकाळ वाटेवर येऊ नयेत, हे महत्त्वाचे. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी वर असतो. प्रकाश आणि नजर एकाच दिशेने गेल्याने दगडाची सावली दगडामागेच लपते. खड्डा आणि उंचवटा सारखेच सपाट दिसतात. धुके असेल तर प्रकाश थेंबांवरून उलटून डोळ्यांत शिरतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी दिवा हातात, कमरेपाशी धरला की सावल्या पुन्हा दिसू लागतात. दिवा विझवून भागेल, असेही नाही. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात; सोबत्याने मान वळवून तोंडावर झोत टाकला की ती क्षणात जाते.

मग पौर्णिमा का साधू नये? कारण पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या नेमका समोर असतो. सूर्य मध्यरात्री जितका खाली, साधारण तितकाच चंद्र वर: जूनमध्ये बाराएक अंश. कोजागिरीला पुण्यात जवळजवळ डोक्यावर येणारा चंद्र नजरेसमोर असलेल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, पण केझिकच्या दऱ्यांत जूनचा पूर्ण चंद्र समोरच्या डोंगराआडच राहू शकतो.

म्हणून तेवीस तासांचा बेत असलेले बरेच जण संध्याकाळी सातच्या सुमारास निघतात. पहिला डोंगर, स्किडॉ, उजेडात होतो. ब्लेंकाथ्राची धारदार सोंड संधिप्रकाश संपता संपता उतरून थ्रेलकेल्ड गाव गाठायचे. काळोखाचे तास हेलवेलिनच्या रुंद, बऱ्याच अंशी गवताळ डोंगररांगेवर जातात. डनमेलच्या खिंडीत पहाट होते आणि इंग्लंडचे सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक, त्याच्या शेजारचा ब्रॉड स्टँडचा खडा कातळ, हे सगळे लख्ख दिवसा येते.

या बेताची किंमत शरीर मोजते. दिवसभर जागे राहून निघालेल्या माणसाच्या शरीराचे तापमान पहाटे चारच्या आसपास सर्वांत खाली उतरते, झोप अनावर होते, घास घशाखाली उतरत नाही. ग्रॅहमसारखे रात्री एकला निघाले, तर ही घसरण पाय ताजे असतानाच येऊन जाते; अंधारात जातो तो स्किडॉचा रुळलेला चढ आणि त्यापुढचा थोडा भाग. दुसरी रात्र पडते तेव्हा उरतात ते शेवटचे डोंगर आणि केझिककडे जाणारा डांबरी रस्ता.

वेगवान धावपटूंना हा हिशेब करावाच लागत नाही. १९८२ मध्ये बिली ब्लँडने १३ तास ५३ मिनिटांत फेरी पुरी केली, २०१८ मध्ये किलियन जोर्नेटने १२ तास ५२ मिनिटांत. जूनच्या दिवसात एवढी फेरी मावते आणि वर तीन-चार तास उजेड शिल्लक राहतो. बाकीच्यांच्या पिशवीत मात्र दिवा असतो आणि जास्तीची बॅटरीही.