परराज्यातील सपीना आणि अन्यत्र नोंदणी झालेली कंपनी : अमेरिकी कार्यपद्धतीचे स्वरूप

प्रस्तावना

भारतात दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ अन्वये एका राज्यातील न्यायालयाचे समन्स दुसऱ्या राज्यातील न्यायालयामार्फत बजावता येते. त्यामुळे राज्याच्या सीमेवर न्यायालयाचा हुकूम थांबतो ही कल्पना भारतीय अभ्यासकास काहीशी अपरिचित वाटते. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची न्यायव्यवस्था व प्रक्रियाविधी स्वतंत्र आहे. साक्ष देण्याचा किंवा कागदपत्रे सादर करण्याचा न्यायालयीन आदेश, म्हणजेच 'सपीना', हा सामान्यतः तो काढणाऱ्या राज्याच्या हद्दीतच बंधनकारक असतो. ज्या कंपनीकडून कागदपत्रे हवी आहेत ती दाव्यात पक्षकार नसेल आणि तिची नोंदणी व मुख्य कार्यालय अन्य राज्यांत असेल, तर हा आदेश कोठे व कसा बजावावा, हा प्रश्न उपस्थित होतो.

नोंदणीकृत प्रतिनिधी : एक गैरसमज

अन्य राज्यात स्थापन झालेल्या कंपनीस अमेरिकी कायद्याच्या परिभाषेत 'परकीय कंपनी' म्हटले जाते, मग ती शेजारच्या राज्यातील का असेना. अशा कंपनीस एखाद्या राज्यात व्यवसाय करावयाचा असल्यास तेथे नोंदणी करून न्यायालयीन कागद स्वीकारणारा प्रतिनिधी नेमावा लागतो. हा प्रतिनिधी हाताशी असल्यामुळे वकिलांना सोपा मार्ग दिसतो : आपल्याच न्यायालयाचा सपीना त्याच्या हाती द्यावा आणि कंपनीने परराज्यातील कागदपत्रे पाठवावीत.

हा मार्ग कोठे अडतो, हे व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये 'येल्प विरुद्ध हदीद कार्पेट क्लीनिंग' या प्रकरणात स्पष्ट केले. गालिचे स्वच्छ करणाऱ्या एका कंपनीने येल्पच्या संकेतस्थळावर प्रतिकूल अभिप्राय लिहिणाऱ्या सात अनामिक व्यक्तींविरुद्ध बदनामीचा दावा लावला होता. त्यांची ओळख पटविण्यासाठी येल्पच्या व्हर्जिनियातील प्रतिनिधीवर सपीना बजावण्यात आला. येल्प ही डेलावेअरमध्ये स्थापन झालेली कंपनी. तिचे मुख्यालय व अभिलेख सॅन फ्रान्सिस्कोत. तिने नकार देताच कनिष्ठ न्यायालयाने अवमानाचा ठपका ठेवला व अपील न्यायालयाने तो कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो रद्द ठरविला. प्रतिनिधीची नेमणूक ही कागद स्वीकारण्याची सोय आहे. परराज्यातील त्रयस्थास तेथील कागदपत्रे आणावयास लावण्याचा अधिकार केवळ त्यातून निर्माण होत नाही, असे या निर्णयाचे सार आहे. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये सिंजेंटा व मोन्सँटो यांच्यातील वादात याच दिशेने निर्णय दिला होता. पक्षकारावरील अधिकारक्षेत्र आणि त्रयस्थावरील सपीना-अधिकार या दोन भिन्न गोष्टी होत.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

पूर्वी यासाठी मूळ न्यायालयाकडून विनंतीपत्र किंवा आयोग मिळवून तो दुसऱ्या राज्यातील न्यायालयापुढे ठेवावा लागे. हे काम वेळखाऊ होते. बहुधा तेथे स्थानिक वकीलही नेमावा लागे. एकरूप कायद्यांचे मसुदे तयार करणाऱ्या आयोगाने २००७ मध्ये आंतरराज्य साक्ष व प्रकटीकरणविषयक एकरूप कायदा तयार केला आणि बहुतेक राज्यांनी तो स्वीकारला. त्यानुसार मूळ सपीना, जेथे कागदपत्रे मिळवावयाची आहेत त्या काउंटीतील न्यायालयाच्या लिपिकाकडे सादर केला जातो. लिपिक त्याच मजकुराचा स्थानिक सपीना काढतो. त्यात दोन्ही पक्षांच्या वकिलांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक असावे लागतात. केवळ असा अर्ज करणे म्हणजे त्या न्यायालयात उपस्थित होणे नव्हे, असे कायदा स्पष्टपणे सांगतो.

कॅलिफोर्नियात हा कायदा २०१० पासून लागू आहे. तेथील परवानाधारक वकील लिपिकाकडे न जाता स्वतःही असा सपीना काढू शकतो. त्यानंतर तो कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रतिनिधीस देणे योग्य ठरते; म्हणजे प्रतिनिधी निरुपयोगी नाही, केवळ त्याच्या हाती पडणारा आदेश योग्य न्यायालयाचा असावा लागतो. डेलावेअरमधील नोंदणीला येथे फारसे महत्त्व नाही, कारण तेथे पुष्कळदा कागदोपत्री पत्त्यापलीकडे काहीच नसते.

संघीय न्यायालयांतील दाव्यांची गोष्ट वेगळी आहे. २०१३ च्या दुरुस्तीपासून तेथे मूळ न्यायालयच सपीना काढते व तो देशभर बजावता येतो. मात्र सामान्यतः पूर्ततेचे ठिकाण १०० मैलांच्या आतील असावे लागते.

वाद कोणत्या राज्यात चालणार?

सपीना रद्द करण्याचा किंवा त्याची अंमलबजावणी करण्याचा अर्ज, ज्या राज्यात कागदपत्रे मागितली आहेत तेथेच व तेथील कायद्यानुसार चालतो. अनामिक लेखकांच्या दृष्टीने ही बाब निर्णायक आहे. त्यांची ओळख उघड करण्यापूर्वी बदनामीचा प्रथमदर्शनी पुरावा द्यावा, असे कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये 'क्रिन्स्की विरुद्ध डो ६' प्रकरणात ठरविले. व्हर्जिनियाची वैधानिक कसोटी याहून सौम्य आहे. येल्प प्रकरणात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने हाताळलाच नाही. अधिकाराच्या मुद्द्यावरच प्रकरण संपले. तरीही त्याचा परिणाम असा की, वादीस ती माहिती हवी असल्यास कॅलिफोर्नियाची अधिक कठोर कसोटी ओलांडणे भाग होते. परराज्यातील दाव्यासाठी मागितलेला असा सपीना तेथे रद्द झाला आणि वादी प्रथमदर्शनी पुरावा देऊ शकला नाही, तर विरुद्ध बाजूच्या वकिलाचे शुल्कही वादीवर पडते.