रिकाम्या आसनाभोवती

चिमूरच्या परिसराला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज परके नाहीत. गोंदेड्याची त्यांची तपोभूमी याच तालुक्यातली. आणि १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामागे त्यांच्या खंजिरीची चेतना पाहून सरकारने त्यांना कैदेत टाकले, ही हकिगत येथील वृद्ध अजून अभिमानाने सांगतात. त्यामुळे महाराजांचे नाव धारण करणाऱ्या येथील एका शाळेत आश्विन वद्य पंचमीची पुण्यतिथी घरच्या कार्यासारखी पार पडते.

पहाटेची रामधून गावातून फिरून आली, की मुलांच्या हाती प्रथम येतो तो खराटा. मुख्याध्यापकांनी हजेरीपटावरूनच गल्ल्यांची वाटणी मुक्रर केलेली असते. कुणाकडे बाजाराची वाट, कुणाकडे बोअरिंगभोवतालचे शेवाळ, आणि ते विळ्याने खरवडताना धाकट्यांना जो उत्साह चढतो तो गणिताच्या तासाला क्वचितच दृष्टीस पडतो.

दुपारी सभागृहात अधिष्ठान मांडू लागले. चौरंगावर गादी, गादीवर शुभ्र चादर. दोन मुली समोरासमोरची टोके ताणून एकेक सुरकुती काढीत होत्या. एवढ्यात सहावीतला एक मुलगा हार घातलेली तसबीर घेऊन आला व त्याने ती मोठ्या भक्तिभावाने गादीवर मध्यभागी टेकवली. “बाबू, तिथं कोनालेच नाई बसवत, फोटो बाजूले ठेव,” गुरुजी म्हणाले. सामुदायिक प्रार्थनेचे हे आसन रिकामेच राहावयाचे, ही गुरुदेव सेवा मंडळाची शिस्त. ज्या देशात कोणत्याही जयंतीला महापुरुषाच्या गुणगानाहून पाहुण्यांचे सत्कारच अधिक काळ चालतात, तेथे ही शिस्त मला फार मोलाची वाटली.

बाहेर एक विद्यार्थी खंजिरीचे दमट कातडे विस्तवावर शेकून बोटांनी वारंवार तपासीत होता. स्वर चढेपर्यंत त्याने कुणाला हात लावू दिला नाही. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, म्हणजे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांनी देह ठेवला त्या वेळी, शिपायाने घंटा दिली व मौन सुरू झाले. पहिलीच्या रांगेतून एक हसू फुटले, तेवढेच. मग सर्वधर्मीय प्रार्थना आणि त्यानंतर गोपाळकाला.

महाप्रसादाच्या उष्ट्या पत्रावळी उचलण्याचे काम शिक्षकांकडे होते. तालुक्याहून आलेले एक प्रतिष्ठित गृहस्थ शाल-श्रीफळाच्या आशेने थोडे रेंगाळले, तेव्हा दहावीच्या मुलीने अत्यंत अदबीने त्यांच्या हाती बादली दिली.