विषाणूच्या पाठोपाठ येणारा जिवाणू

विषाणूजन्य गंभीर आजाराने अतिदक्षता विभागात दाखल झालेला रुग्ण चार-सहा दिवसांत सावरू लागतो. ताप उतरतो, प्राणवायूची गरज कमी होते. आणि एखाद्या रात्री अकस्मात पुन्हा ताप चढतो, कफाचा रंग पालटतो, रक्तदाब घसरतो. बाहेर बसलेले नातेवाईक तेव्हा एकच प्रश्न विचारतात : "बरे होत होते, मग बिघडले कसे?" या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुय्यम जिवाणुसंसर्ग हे असते.

आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिसूक्ष्म रोमके असतात. धूळ, कफ व जंतू यांना ती सतत वर लोटीत असतात. इन्फ्लुएन्झाचा विषाणू नेमके हे अस्तरच उद्ध्वस्त करतो. फुप्फुसातील जंतुभक्षक पेशीही काही काळ मंदावतात. एरवी आपल्याच नाकाघशात निमूटपणे वस्ती करून असलेल्या न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस यांसारख्या जिवाणूंना मग खाली उतरण्यास मोकळे रान मिळते.

याचे सर्वांत भीषण उदाहरण १९१८ च्या साथीचे. जून १९१८ मध्ये मुंबईत शिरलेला इन्फ्लुएन्झा आगगाडीच्या वाटेने देशभर पसरला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या साथीत दगावलेल्या अमेरिकी रुग्णांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने तेथील संशोधकांनी पुन्हा तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार बहुसंख्य मृत्यूंमागे जिवाणूजन्य न्यूमोनिया होता. त्या वेळी प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. आपल्या जिल्ह्यात, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, त्याचे उत्पादन १९५५ साली सुरू झाले.

औषध आले, तरी प्रश्न मिटला नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. त्याच वर्षी अमेरिकेत या आजाराने दगावलेल्या ७७ रुग्णांच्या फुप्फुसांची तपासणी झाली, तेव्हा २२ जणांत जिवाणुसंसर्गही आढळला.

अतिदक्षता विभागात या धोक्याचे रूप बदलते. व्हेंटिलेटरची नळी रुग्णाचा प्राण वाचविते. परंतु तीच नळी घशाची नैसर्गिक चौकी ओलांडून जाते. तोंडातील स्राव तिच्या कडेने थेंबाथेंबाने खाली झिरपतो. शिरेतील व मूत्रमार्गातील नळ्या ही आणखी दोन दारे. कोविडमध्ये ज्या स्टिरॉइडने अनेकांचे प्राण वाचले, तेच प्रतिकारशक्तीही दडपते. येथे गाठ पडते ती क्लेब्सिएल्ला, ॲसिनेटोबॅक्टर अशा, रुग्णालयातच मुरलेल्या आणि बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंशी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या जाळ्यातील १० रुग्णालयांत २०२० साली दाखल झालेल्या १७,५३४ कोविड रुग्णांपैकी ३.६ टक्के रुग्णांना जिवाणू वा बुरशीचा दुय्यम संसर्ग झाला. प्रमाण लहान, पण त्यांच्यापैकी ५६.७ टक्के दगावले. एकूण दाखल रुग्णांत हे प्रमाण १०.६ टक्के होते. हे रुग्ण मुळातच अधिक अत्यवस्थ असल्याने सारा दोष संसर्गाच्या माथी मारता येणार नाही, तरीही ही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

"मग पहिल्याच दिवशी भारी इंजेक्शन का देत नाही?" अशी विचारणा होते. तिच्यामागील काळजी आम्ही जाणतो. पण विषाणूवर प्रतिजैविकाचा काडीचाही परिणाम होत नाही. जिवाणूचा सबळ संशय असेल तेथे पहिला डोस तासाभरात पडलाच पाहिजे. संशय नसताना दिलेले औषध मात्र शरीरातील साधे जिवाणू मारून चिवट जिवाणूंना जागा करून देते. म्हणून आधी कफाचा व रक्ताचा नमुना घ्यावयाचा, मग औषध सुरू करावयाचे, आणि दोन-तीन दिवसांनी कल्चर तपासणीचा अहवाल आला की औषध बदलावयाचे किंवा निर्धाराने थांबवावयाचे. हे थांबविणेच सर्वांत अवघड असते.

प्रतिबंधाची साधने साधी आहेत : प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात निर्जंतुक करणे, खाटेची उशाकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, मुखाची स्वच्छता, आणि नळी आज काढता येईल काय याचा रोज सकाळी विचार. यासाठी पुरेशा परिचारिका लागतात. देणगीदारांचा ओढा साहजिकच यंत्रांकडे असतो, यंत्रावर नावाची पाटी लावता येते. परंतु आमच्या मते दोन खाटांमागील एक जादा परिचारिका आणि सुसज्ज जिवाणुशास्त्र प्रयोगशाळा ही नव्या व्हेंटिलेटरहून कमी मोलाची नव्हेत.

पाटस, दौंड व शिरूर परिसरातील कुटुंबांना दोन विनंत्या. वृद्धांनी, तसेच मधुमेह व दम्याच्या रुग्णांनी इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. दुसरी विनंती अशी की, गावात आधी घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या, निदान रिकामी पाकिटे, रुग्णासोबत आणावीत. आधीच प्रतिजैविक पोटात गेले असेल तर कल्चरमध्ये जिवाणू उगवत नाही, आणि कोरा अहवाल हाती आला तरी तो खरा कोरा आहे की औषधाने पुसलेला, हे त्या पाकिटांवाचून सांगता येत नाही.