गोट्या, चिंगी आणि नांगरांचं गाव

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी ताकारी सोडते आणि पाठोपाठ किर्लोस्करवाडीचं स्टेशन येतं. जुन्या नकाशांवर याच स्टेशनचं नाव कुंडल रोड असं सापडतं. इथे पूर्वी माळरान होतं, निवडुंग आणि दगड यांच्यापलीकडे फारसं काही नव्हतं. बेळगावहून कारखान्यासकट उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ही जमीन दिली, सोबत दहा हजारांचं कर्जही दिलं. 10 मार्च 1910 रोजी वाडी वसली आणि लोखंडी नांगर इथून महाराष्ट्रभर जाऊ लागले. उद्योगाच्या इतिहासात हे सगळं शिकवलं जातं. याच नांगरांच्या गावाचा मराठी मुलांच्या हसण्याशी काय संबंध आला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. सातारा-सांगली भागातल्या वाचकांनाही ते ठाऊक नसतं. म्हणून या लेखाची सुरुवात तिथून केली आहे.

1920 साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे शंवाकि, यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांपर्यंत पोचवावी, हा मूळचा साधा व्यापारी हेतू. पण शंकरराव चित्रकार होते. पंडित सातवळेकरांकडे लाहोरला चित्रकला शिकून आले होते आणि स्वतः व्यंगचित्रं काढत. नांगर-चरकांच्या माहितीशेजारी गोष्टी आल्या, चित्रं आली, थट्टा आली. पुढे नावातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' हे मासिक उरलं. 1930 मध्ये त्याला 'स्त्री'ची जोड मिळाली, 1934 मध्ये 'मनोहर'ची. तालुक्याचं ठिकाणही नसलेल्या वस्तीतून तीन मासिकं निघत होती आणि मुंबई-पुण्याची घरं ती वाचत होती. महाराष्ट्राच्या वाङ्मयीन भूगोलातली ही मला सर्वांत विलक्षण वाटणारी घटना आहे. साहित्य शहरात जन्मतं आणि खेड्यात पोचतं ही आपली ठाम समजूत. वाडीने तो प्रवास उलटा करून दाखवला.

शंकररावांच्या सहकाऱ्यांत एक होते ना. धों. ताम्हनकर. जन्म 1893, मृत्यू 1961. नाटकं, कथा, कादंबऱ्या असं पुष्कळ लिहिलेला हा माणूस. 'उसना नवरा' हे नाटक त्यांचं. 'दाजी' हे विनोदी पात्र त्यांनी उभं केलं ते मोठ्यांसाठी. 'खडकावरला अंकुर' आणि 'बहीणभाऊ' मुलांसाठी. आणि तीन भागांतला 'गोट्या', ज्याच्यामुळे त्यांचं नाव आजही घेतलं जातं.

गोट्या हा अनाथ मुलगा. एका सुशिक्षित, मायाळू घरात तो येतो आणि त्या घरचाच होऊन राहतो. त्या घरी सुमा आहे आणि तिच्याशी त्याचं भावंडांचं नातं जुळतं. एवढं सांगितलं की नव्या वाचकाला वाटेल, ही रडवणारी गोष्ट असणार. 'श्यामची आई' 1935 मध्ये आलेलं होतं आणि आईच्या आठवणीने डोळे ओले होणं ही मराठी बालवाचकाची दीक्षाच ठरली होती. अशा काळात ज्याला आईच नाही असा मुलगा हातात घ्यायचा आणि त्याच्या गोष्टींनी घर हसवायचं, हे ताम्हनकरांचं धाडस आपण पुरेसं ओळखलेलं नाही. गोट्याच्या अनाथपणाचं भांडवल त्यांनी केलं नाही. तो खोड्या करतो, निरुत्तर करणारे प्रश्न विचारतो, कुणाची अडचण दिसली की आपल्या डोक्याने तिच्यावर तोडगा काढतो, आणि तो तोडगा कधीकधी अडचणीपेक्षा मोठा ठरतो. त्याला पोरकं म्हणून कुरवाळणारं त्या घरात कुणी नाही. त्याच्याशी बोलतात, वाद घालतात, त्याला रागावतात. माझ्या मते मराठी बालसाहित्यात मुलाला इतक्या बरोबरीने वागवणारं घर त्याआधी झालं नव्हतं.

ताम्हनकर नाटककार होते याची खूण या पुस्तकांत पानोपानी दिसते. प्रसंग वर्णनाने पुढे जात नाही, तो बोलण्यातून सरकतो. एकाने एक म्हणावं, दुसऱ्याने त्याचा भलताच अर्थ घ्यावा, तिसऱ्याने मध्ये पडून घोळ वाढवावा. फजिती शेवटच्या ओळीपर्यंत ताणून धरण्याचं कसब रंगभूमीच्या माणसाचंच. मोठ्याने वाचून दाखवायला ही पुस्तकं इतकी सोयीची का, याचं उत्तरही इथेच आहे. दूरदर्शनवर राजदत्त यांनी 'गोट्या' मालिका केली, जॉय घाणेकर हा मुलगा गोट्या झाला, मधुकर आरकडे यांनी लिहिलेलं आणि अशोक पत्की यांनी संगीत दिलेलं शीर्षकगीत शाळाशाळांत पाठ झालं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांना ते गीत अख्खं येतं, आणि गोट्या हा मुळात पुस्तकातला मुलगा आहे हे मात्र त्यांना आठवत नाही. मालिकेने गोट्याला जगवलं हे खरं, तिच्यामुळे पुस्तकं मागे पडली हेही तितकंच खरं.

आता चिंगीबद्दल. मला या सगळ्या मंडळींत ती सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्या वाट्याला सर्वांत कमी कौतुक आलं आहे. ताम्हनकरांनी मुलासाठी गोट्या लिहिला तशी मुलीसाठी चिंगी लिहिली. नायिका मुलगी, आणि ती विनोदी पुस्तकाची नायिका. शहाणी, सोशिक, घरकामात तरबेज अशा मुलींचे आदर्श तेव्हा पुस्तकापुस्तकांतून भेटत असताना चिंगी आपल्या मर्जीने वागते, बोलते, गोंधळ घालते. ज्या माणसांच्या भोवती 'स्त्री' मासिक घडलं, बायकांच्या शिक्षणाचे आणि हक्कांचे वाद ज्या गावाच्या छापखान्यातून बाहेर पडले, तिथल्या लेखकाला अशी मुलगी सुचावी यात नवल नाही. नवल याचं आहे की तिच्यानंतर त्या जागी फारशा मुली आल्याच नाहीत. फास्टर फेणे, बोक्या सातबंडे, चिंटू ही पुढची नावं घ्या, सगळे मुलगे. मुली त्यांच्या मैत्रिणी असतात, बहिणी असतात. मालिकेच्या नावावर आपलं नाव लागलेली, वाचकाला पोट धरून हसवणारी मुलगी मराठीत शोधावीच लागते. इतक्या वर्षांत हे घडू नये, ही मराठी बालसाहित्याची उणीव आहे आणि ती स्पष्ट शब्दांत नोंदवली पाहिजे.

जगात इतरत्रही या प्रकारच्या पुस्तकांच्या जन्मकथा अशाच अनपेक्षित आहेत. इंग्लंडमधला विल्यम हा खोडकर पोरगा रिचमल क्रॉम्प्टन या लेखिकेने निर्माण केला. ती शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायची. विल्यमची पहिली गोष्ट 1919 मध्ये मोठ्यांच्या, घरगुती मासिकात आली. 1922 मध्ये पहिलं पुस्तक निघालं, मग एकूण 38 पुस्तकं झाली, आणि त्या जवळजवळ पन्नास वर्षांत विल्यम अकरा वर्षांचाच राहिला. मुलांसाठी म्हणून न लिहिलेलं पुस्तक मुलांनी पळवलं, असा हा प्रकार. आपल्याकडे चिं. वि. जोशींचं तेच झालं. बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक, जातककथांचे अभ्यासक. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ लिहिले ते प्रौढांसाठी, पण मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ते आईवडिलांच्या कपाटातून काढून वाचले. 'ओसाडवाडीचे देव' मात्र त्यांनी खास मुलांकरता लिहिलं. ते आज हाती लागलं तर सोडू नये.

साताऱ्याच्या वाटेला आलेला नायक म्हणजे फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, हाडकुळा, सायकलवरून सुसाट सुटणारा आणि तोंडाने 'ट्टॉक' करणारा. भा. रा. भागवतांनी त्याची वीस पुस्तकं लिहिली. काश्मीरपासून वादळापर्यंत आणि विमानचोरांपर्यंत तो कुठेही जाऊन पोचतो. त्यातलं एक पुस्तक 'प्रतापगडावर फास्टर फेणे'. महाबळेश्वरच्या घाटातून सहलीच्या गाड्या ज्या किल्ल्याकडे जातात, तिथे इतिहासाच्या तासाला फक्त 10 नोव्हेंबर 1659 ही तारीख पाठ करायची असते. मुलांना तो किल्ला खेळायला, शोध घ्यायला मोकळा करून देण्याचं काम एका गमतीदार साहसकथेने केलं. सातारा जिल्ह्यातल्या शाळांनी सहलीआधी हे पुस्तक वर्गात वाचून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

भागवतांचा जन्म इंदूरचा, 31 मे 1910. म्हणजे किर्लोस्करवाडी वसल्यानंतर जेमतेम पावणेतीन महिन्यांनी. 'बालमित्र' नावाचं मुलांचं मासिक त्यांनी स्वतः काही वर्षं चालवलं. ज्यूल्स व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणून मुलांना चंद्रावर आणि समुद्रतळाशी नेणारे तेच. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यकार, शिवाय आकाशवाणीवरचा त्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा. फेणेची आणि त्याच्या लेखकाची एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली आहे. भागवत गेले 27 ऑक्टोबर 2001 ला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' चित्रपट, अमेय वाघ त्यात फेणे झाला, तो प्रदर्शित झाला 27 ऑक्टोबर 2017 ला. बरोबर सोळा वर्षांनी, त्याच तारखेला. आणि त्या चित्रपटात भागवत नावाचे वृद्ध लेखक झाले होते दिलीप प्रभावळकर.

हे प्रभावळकर या सगळ्या कुळाला जोडणारे. 1970च्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर चिमणराव झाले ते हेच, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. म्हणजे चिं. विं.चा नायक त्यांनी साकारला आणि पुढे भा. रां.ची छायाही. मध्यंतरी त्यांनी स्वतः 'बोक्या सातबंडे' लिहिला. बोक्या आधी कागदावर आला नाही, तो आकाशवाणीवर मुलांच्या कार्यक्रमात श्रुतिकांमधून आला आणि पुस्तकं मागाहून झाली. कारखान्याचं मासिक, रेडिओ, प्रौढांची कपाटं: मराठी मुलांचे हसरे सोबती अशा जागांतून आले आहेत. बालसाहित्य म्हणून वेगळं कुंपण घालून, बोध टोचून लिहिलेली शेकडो पुस्तकं विस्मरणात गेली आणि हे टिकले. याचं कारण माझ्या मते एकच आहे. या लेखकांना मुलांना सुधारायचं नव्हतं. मुलांबरोबर राहायचं होतं.

'किशोर'चा उल्लेख टाळता येणार नाही. बालभारतीने नोव्हेंबर 1971 मध्ये, दिवाळीच्या वेळेलाच, हे मासिक सुरू केलं. वसंत शिरवाडकर पहिले संपादक. सरकारी संस्थेचं मासिक इतकं खेळकर असू शकतं यावर अजूनही लोकांचा विश्वास बसत नाही. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यातल्या, जत-आटपाडीतल्या ज्या शाळांजवळ पुस्तकांचं दुकानच नाही, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. शिक्षकांनी तिचा फायदा घ्यावा.

साताऱ्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी कुठल्याच दुसऱ्या जिल्ह्याकडे आधी नव्हती. पाचगणीजवळचं भिलार. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून कल्पना सुचली, पण तिथे पुस्तकं विकतात, इथे घराघरांत ती फुकट वाचायला ठेवली आहेत. स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्यांनी आपल्या ओसऱ्या आणि खोल्या वाचकांसाठी उघडल्या, विषयवार घरं ठरली, बालसाहित्याचंही घर झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला निघालेल्या कुटुंबाने तिथे अर्धा दिवस काढला तर मुलं परतताना वाटेत वेगळ्याच गोष्टी विचारतील.

पण सहलीचं गाव वेगळं आणि रोजचं वाचनालय वेगळं. सातारा-सांगली पट्ट्यात वाचनालयांची परंपरा जुनी आहे, तरी बहुतेक ठिकाणी मुलांचं कपाट हे सर्वांत खालचं, सर्वांत धुळकट आणि देणगीतून आलेल्या पुस्तकांनी भरलेलं असतं. 'गोट्या'चा तिसरा भाग असतो, पहिला नसतो. 'चिंगी' बहुधा नसतेच. ही पुस्तकं महाग नाहीत. एका मोठ्या कादंबरीच्या किमतीत अशी तीन-चार येतात.

तेव्हा वाचनालयांच्या कार्यकारिणीवर असलेल्या या अंकाच्या वाचकांना माझी विनंती आहे. या वर्षीच्या खरेदीच्या यादीत 'गोट्या'चे तिन्ही भाग, 'चिंगी', फास्टर फेणेची मिळतील तेवढी पुस्तकं आणि 'ओसाडवाडीचे देव' घाला. ती बंद कपाटात ठेवू नका, मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर उघडी ठेवा. आणि किर्लोस्करवाडी, पलूस, कुंडल, भिलवडी इथल्या वाचनालयांनी ताम्हनकरांची पुस्तकं वेगळी मांडून त्यांच्या नावाचा फलक लावावा. हा लेखक आपल्या भागातला आहे, हे आपल्याच मुलांना सांगायचं राहून गेलं आहे.