टवका आणि तडा

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचा सल्ला फुकट मिळतो, त्यामुळे मागणाऱ्यांची वाण पडत नाही. आमच्या शाखेतल्या शिपायाचा मुलगा असाच एका रविवारी फाइल घेऊन आला. मोटारीच्या काचा बसवणाऱ्या दुकानात त्याने सात वर्षे काढली होती. आता पुण्याच्या बाह्यवळण रस्त्यालगत काचदुरुस्तीचा स्वतःचा गाळा टाकायचा होता. मुद्रा योजनेचे कर्ज, आणि कमी पडेल तिथे आईच्या पाटल्या.

"काका, गिऱ्हाइकाची चिंता नाही. पैसे विमा कंपनी देणार, लोक आपणहून येतील."

मोटारीची पुढची काच म्हणजे खरे तर दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. खडीच्या डंपरमागे सापडलात की एखादा खडा उडतो आणि बाहेरच्या काचेचा टवका जातो. त्यातली हवा ओढून घ्यायची, राळेसारखा द्रव भरायचा, अतिनील दिव्याखाली तो घट्ट करायचा. अर्ध्या तासाचे काम. पण चालढकल केलीत, उन्हात तापलेल्या गाडीत एकदम एसी सोडलात, की टवक्याचा तडा होतो. मग काच बदलायलाच हवी.

मी कागद पुढे ओढला. जुनी खोड!

"दुरुस्तीचे किती घेणार?"

"बाराशे."

विम्यात रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, काचेवर नाही, एवढे त्याला पाठ होते. पण दीड हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक दाव्यात पहिले हजार रुपये मालकाचे. म्हणजे हाती दोनशे. पुढे बोनसचा हिशेब. दावा न करणाऱ्याला हप्त्यात वर्षागणिक 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के सूट. गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता दहा हजार धरा. तीन वर्षे दावा न केलेला माणूस पुढच्या वर्षी साडेपाच हजार भरेल. या दोनशेंसाठी दावा केला, तर पूर्ण दहा हजार. बोनस राखण्याचे वेगळे संरक्षण जास्तीचा हप्ता भरून मिळते, पण ते घेतले आहे की नाही, हे किती मालकांना ठाऊक असते?

पोराचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले. पण पाटल्या मोडल्यावर वाटण्यापेक्षा बरे.

विमा त्याला गिऱ्हाईक देणार नव्हताच. 'फुटली तर विमा आहे' म्हणत माणसे टवका घेऊन बिनघोर हिंडतात. मी म्हटले, "अरे, गाडी एक दिवस उभी राहिली तर ज्याची चूल अडते, त्याला शोध." त्याने सीएनजी पंपाच्या जवळचा गाळा बघितला. टॅक्सीवाले रांगेत ताटकळत असतात. हा काचा न्याहाळत फिरतो, टवका दिसला की चिठ्ठी देतो. पहिल्या आठवड्यात पंपावरच्या माणसाने त्याला दोनदा हुसकले.

सहा महिन्यांनी त्याचा फोन आला. एक गृहस्थ लांबलचक तडा घेऊन आले होते. विमा संपून दोन महिने झालेले. नवा काढण्याआधी कंपनीचा माणूस गाडी तपासतो, आधीचे नुकसान नोंदवतो. तेवढ्यापुरता तडा झाकून द्यायचा, नंतर दावा ठोकायचा; तीन हजार रोख. बाजूच्या सीटची एअरबॅग फुगताना त्याच काचेचा आधार घेते, ही गोष्ट त्या गृहस्थांच्या गावीही नव्हती.

कर्जदाराचा हप्ता थकलेला असताना त्याला सचोटी शिकवणे मला नोकरीतही कधी जमले नाही. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "त्यांना नाही सांगितलं, काका. पण या महिन्याचं भाडं आठ दिवस उशिरा चालेल का, एवढं तुम्ही गाळेवाल्याला विचाराल?"

गाळेवाला माझा जुना खातेदार. मी लगेच फोन लावला.