टॅक्सीतून मॉरिशस

पहाटे पाच. भारतात तेव्हा साडेसहा झालेले असतात. गाडी पुसून होते, डिकीत पाण्याच्या बाटल्या जातात. आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांत राबायला आले. मी पाहुणे फिरवतो.

साडेसहा. फ्लिक-आं-फ्लाकच्या हॉटेलातून पुण्याचं कुटुंब घेतो. "दादा, डॉल्फिन दिसतील ना?" ताई विचारतात. तामारिनच्या खाडीत बहुधा दिसतात. रात्रभर शिकार करून ते सकाळी तिथे विसाव्याला येतात, म्हणून लांबूनच दाखवणारा नावाडी मी धरतो. थकलेल्या जिवांभोवती इंजिनं फिरवणं मला पटत नाही.

नऊ. ल मॉर्नचा डोंगर. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यांच्या आसऱ्याला राहत. पुढे शामारेलची सात रंगांची माती, तिथे फोटो होतात.

अकरा. गंगा तलाव, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखातला. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक चालत इथे येतात.

साडेबारा. रस्त्याकडेची ढोल पुरी. डाळ भरलेली मऊ पोळी, आत वालांचा रस्सा आणि मिरची. देतात ती जोडीनेच. आजोबा दुसरी जोडी मागतात.

दोन. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. इथे मी घाई करू देत नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून छत्तीस मजूर या बंदरात उतरले. पुढे लाखो आले, त्यांत रत्नागिरी-साताऱ्याचेही होते. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या नोंदी जपल्या आहेत; तिथे आजही लोक पणजोबांचं गाव शोधायला जातात. दगडी पायऱ्यांपाशी आजोबा चपला काढतात.

साडेचार. पुन्हा किनारा, सुरूची झाडं, पोरांची आंघोळ. पाणी इतकं शांत, कारण बाहेर प्रवाळांची भिंत लाटा अडवते. २०२० साली 'वाकाशिओ' जहाज आग्नेयेला त्याच भिंतीवर चढलं आणि तेल आत आलं. तेव्हा कोळी, विद्यार्थी, गृहिणी सगळ्यांनी उसाचं पाचट कापडात भरून तरंगते बांध शिवले. मीही गेलो होतो. या बेटावर आमचा जीव आहे.

सात. पाहुणे हॉटेलात, मी घरी.

मॉरिशसला जरूर या. प्रवाळांवर पाय ठेवू नका, आणि आठवड्याच्या मुक्कामातला एक दिवस हॉटेलाबाहेरच्या माणसांसाठी राखून ठेवा.