अकाली स्मृतिभ्रंश आणि कामगारांची सामाजिक सुरक्षा

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिरगावला लागून असलेले उरला हे छत्तीसगडमधील एक प्रमुख औद्योगिक क्षेत्र आहे. पोलादाच्या रोलिंग मिल, ओतकामाचे कारखाने आणि अभियांत्रिकी उद्योग येथे दाटीने वसले आहेत. अशा ठिकाणी कामगाराच्या आरोग्याचा विचार होतो तो मुख्यतः अपघात, भाजणे आणि श्वसनाचे विकार यांच्या संदर्भात. ऐन उमेदीत जडणारा अल्झायमर या विचारात क्वचितच येतो. पन्नाशीचा एखादा क्रेनचालक ओळखीच्या खुणा विसरू लागला किंवा पाळीची वेळ चुकवू लागला, तर त्याची नोंद बेशिस्त म्हणून होण्याचीच शक्यता अधिक. निदान होईपर्यंत नोकरी सुटली, तर नोकरीशी निगडित असलेले हक्कही सुटतात. म्हणूनच या आजारात अर्ज कोणत्या क्रमाने केला जातो, याला विशेष महत्त्व आहे.

केवळ वार्धक्याचा आजार नव्हे

डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे तपासलेली आणि पुढे १९०६ मध्ये वैद्यकीय परिषदेत मांडलेली पहिली रुग्ण अवघ्या ५१ वर्षांची होती. वयाच्या ६५ वर्षांपूर्वी लक्षणे दिसू लागल्यास त्यास अकाली अल्झायमर म्हणतात. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार ६० वर्षे व त्यावरील वयोगटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती इतके आहे. परंतु ही गणना साठीपासून सुरू होते. पंचेचाळीस किंवा पंचावन्न वर्षांचा रुग्ण तिच्यात येत नाही.

ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि नैराश्य यांमुळेही स्मरणशक्ती क्षीण होते व ती उपचाराने सुधारू शकते. त्यामुळे मज्जाविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे, हे पहिले पाऊल होय. रायपूर येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न डॉ. आंबेडकर रुग्णालय आहे. निदानाची तारीख असलेले कागद हाच पुढील प्रत्येक अर्जाचा पाया असतो.

विम्याचा आधार

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत येतात. या योजनेत सर्वसाधारण आजारपणाचा लाभ वर्षातून ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो. दीर्घ मुदतीच्या ३४ आजारांसाठी तो ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत वाढविता येतो. या यादीतील मनोविकारांच्या गटात स्मृतिभ्रंशाचा समावेश आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. त्यासाठी सलग दोन वर्षांची सेवा आणि लगतच्या चार अंशदान कालखंडांत किमान १५६ दिवसांचे अंशदान आवश्यक असते. कामावरील अपघातासाठी असलेला अपंगत्व लाभ मात्र वेगळा आहे. अल्झायमर हा व्यवसायजन्य आजार मानला जात नसल्याने तो येथे लागू होत नाही.

राजीनाम्यापूर्वी

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ नुसार नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आल्यास सदस्याला निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट नाही, एका महिन्याचे अंशदान पुरेसे आहे. अपंगत्व आले त्या वेळी तो करीत असलेल्या कामासाठी तो कायमचा अक्षम झाला आहे काय, हे वैद्यकीय मंडळ ठरविते. मात्र हे अपंगत्व नोकरीच्या काळातच आलेले असावे लागते. घाईने राजीनामा दिला आणि निदान नंतर झाले, तर ही गोष्ट सिद्ध करणे कठीण होते. उपदानासाठीही एरवी पाच वर्षांच्या सेवेची अट असते. आजारामुळे पूर्वीचे काम करण्यास असमर्थ ठरून नोकरी संपल्यास ती अट लागू होत नाही. परंतु राजीनामापत्रात ‘वैयक्तिक कारण’ एवढेच लिहिलेले असेल, तर या तरतुदीचा आधार घेणे अवघड जाते.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे नमूद आहेत. त्यांत अल्झायमरचे स्वतंत्र नाव नाही. तथापि मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरण आणि स्थलकालभान यांतील गंभीर बिघाडाचा उल्लेख असल्याने या मार्गाने प्रमाणपत्र मागता येते. अर्ज ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावरून करावा लागतो. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींवर गुण देऊन अपंगत्वाचे प्रमाण ठरते. असे रुग्ण तपासणीच्या वेळी बरेचदा आपली उणीव झाकतात व ‘सर्व ठीक आहे’ असे सांगतात. म्हणून दैनंदिन अडचणींची तारीखवार नोंद घेऊन कुटुंबातील व्यक्तीने सोबत जाणे हितावह ठरते.

उरलेल्या उणिवा

कायद्याने ४० टक्के अपंगत्व हे लक्षणीय मानले आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी असलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजनेत मात्र ८० टक्क्यांची अट आहे आणि केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे. कामगाराची नोकरी बहुधा या दोन टप्प्यांच्या मधल्या काळातच जाते. सेवेत असताना अपंगत्व आल्यास नोकरीवरून न काढण्याचे संरक्षण २०१६ च्या अधिनियमाने शासकीय आस्थापनांपुरतेच दिले आहे. खासगी कारखान्यांतील कामगारांना ते लाभत नाही. अमेरिकेने २०१० मध्ये अकाली अल्झायमरचा समावेश त्वरित निर्णयाच्या आजारांच्या यादीत केला. तेथे निदान सिद्ध होताच अर्जाचा निकाल लवकर लागतो. आपल्याकडे एकाच रुग्णाला विमा, भविष्य निर्वाह निधी आणि समाजकल्याण अशा तीन कार्यालयांत आपला आजार पुन्हा पुन्हा सिद्ध करावा लागतो. ज्याला कालचे आठवत नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा केली जाते.

हे नियम केंद्रीय असल्याने उरला येथे जे लागू आहे, तेच बुटीबोरी किंवा चाकण येथील कामगारालाही लागू आहे. कामात अकस्मात होऊ लागलेल्या चुकांकडे शिस्तभंग म्हणून पाहण्यापूर्वी कारखान्याने वैद्यकीय तपासणी करविली, कामगार संघटनेने राजीनाम्याआधी लाभांची माहिती दिली आणि कुटुंबाने रुग्णाला समज असतानाच नामनिर्देशन व बँक खात्याची व्यवस्था पूर्ण केली, तर आज अस्तित्वात असलेल्या तरतुदींतूनही बराच आधार उभा राहू शकतो.